हवालदारांची वही

सातारा जिल्ह्यात फौजेत माणूस नाही असं गाव शोधून काढावं लागतं. अपशिंग्याला तर लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ असंच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान कामी आले आणि त्यांच्या स्मरणाचा दगड आजही गावात उभा आहे. ही गोष्ट त्याच मुलखातल्या एका लहान गावातली. तिथं पाराच्या पलीकडं एक जुनं कौलारू घर आहे. घराला लांबरुंद ओटा आहे. गावात त्याला ‘हवालदारांचा ओटा’ म्हणतात.

हवालदार १९६६ साली बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले. रंगरुटी संपवून पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत गेले. १९७० मध्ये लग्न झालं, १९७१ मध्ये लढाईवर गेले, पुढं वीस वर्षं नोकरी करून पेन्शन घेऊन घरी आले. छातीवर पूर्वी स्टार, संग्राम मेडल आणि अशीच दोन-तीन पदकं. ती वर्षातून दोनदा, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला ट्रंकेतून बाहेर निघत. एरवी ट्रंक खाटेखाली असे. काळी, लोखंडी, पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेली.

पोरं विचारायची, “आजोबा, लढाईत तुम्ही किती मारले?”

हवालदार म्हणायचे, “मोजायला सवड कुणाला हुती?” आणि मग आपला ठरलेला किस्सा सांगायचे. डिसेंबर १९७१. जमालपुरात ३१ बलुच ही पाकिस्तानी पलटण पक्के मोर्चे बांधून बसली होती. मराठे जुनी ब्रह्मपुत्रा ओलांडून तिच्या पाठीमागं गेले आणि ढाक्याकडं जाणारा रस्ताच अडवून बसले. मग आपल्या ब्रिगेडियर हरदितसिंग क्लेर यांनी एका बंगाली माणसाच्या हाती पत्र धाडलं, की आता शरण या. पलीकडचे कर्नल सुलतान अहमद भलते ताठ. त्यांनी उत्तराबरोबर बंदुकीची एक गोळी धाडली आणि अशा अर्थाचं लिहिलं, की लेखणी तुम्हाला चांगली चालवता येते, पुढच्या भेटीत हातात स्टेनगन दिसू द्या. १० तारखेच्या रात्री ती पलटण वेढा फोडायला निघाली आणि थेट मराठ्यांच्या माऱ्यात सापडली. दुसऱ्या दिवशी जमालपूर पडलं. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीवर सही झाली. पलटणीला ‘जमालपूर’ हा युद्धसन्मान मिळाला.

किस्सा संपला की हवालदार हसून म्हणत, “त्यानं सांगितलं, लेखणी टाका नि स्टेन घ्या. म्या उलटं केलं. स्टेन जमा केली नि लेखणी घेतली.”

या किश्शात हवालदार स्वतः कुठंच नसत, हे पोरांच्या कधी ध्यानात आलं नाही. आक्कांच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, ध्यानात आलं होतं. पण त्यांनी कधी खोदून विचारलं नाही.

लेखणीची गोष्ट मात्र खरी होती. पेन्शनवर आल्यावर हवालदारांनी दोन एकर शेती केली, एक म्हैस पाळली आणि उरलेला सगळा वेळ ओट्यावर बसून दुसऱ्यांचे कागद लिहिले. फौजी माणूस मरतो तेव्हा त्याच्या बायकोची एक नवीच लढाई सुरू होते. बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसात तिचं नाव लग्नानंतरचं असतं, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, रेशनकार्डावर लाडाचं आणि आधारकार्डावर भलतंच. जन्मतारीख तर कुणी लिहूनच ठेवलेली नसते. मग प्रतिज्ञापत्र करा, सरपंचाचा दाखला आणा, डिस्चार्ज बुक शोधा, पी.पी.ओ.ची, म्हणजे पेन्शनच्या हुकमाची, प्रत काढा, साताऱ्याला सैनिक कल्याण कार्यालयात जा. शिवाय दर नोव्हेंबरला बँकेत हयातीचा दाखला द्यायचा आणि विधवेनं पुन्हा लग्न केलेलं नाही असंही लिहून द्यायचं. सत्तरीच्या बाईकडून असलं लिहून घेताना हवालदारांना शरम वाटे. कागद पुढं सरकवताना ते मान वर करत नसत.

पंचक्रोशीतल्या बायका पिशवीत कागद घालून येत. ओट्यावर बसत. आक्का आतून चहा पाठवत आणि चुलीपाशी बडबडत, “साऱ्या तालुक्याचं लिहित्यात, घरच्या म्हशीला वैरण कोण घालणार?” हे भांडण नव्हतं, सवय होती. नवरा दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही, कागद काळे करतो, एवढ्यावर त्यांची तक्रार थांबे.

आक्कांना लिहायला-वाचायला हवालदारांनीच शिकवलं होतं. लग्नात त्या कोऱ्या होत्या. फौजेतून पत्र आलं की पोस्टमन ते अंगणातच मोठ्यानं वाचे. सासू, सासरे, दीर, नणंदा, शेजारी, सगळे ऐकत. पत्रात थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, बैलाची चौकशी, पावसाची चौकशी, आणि दाराआड उभ्या राहिलेल्या नव्या सुनेसाठी एक अक्षर नसे. कसं असेल? १९७२ मध्ये लढाईनंतरच्या पहिल्या सुट्टीत हवालदार आले, चार दिवस घरी राहिले, एक दिवस कुठं तरी बाहेरगावी जाऊन आले, आणि येताना दहिवडीच्या बाजारातून पाटी-पेन्सिल घेऊन आले. रात्री कंदिलाच्या उजेडात म्हणाले, “बस. आजपासून शिकायचं.” एकोणीस-वीस वर्षांची पोर लाजून हसली. हवालदार हसले नाहीत. पुढच्या दोन वर्षांत आक्का नवऱ्याचं पत्र स्वतः वाचू लागल्या आणि अंगणातलं जाहीर वाचन बंद झालं. आपल्यालाच शिकवायची एवढी घाई ह्यांना का, याचं उत्तर त्यांना पन्नास वर्षांनी मिळायचं होतं.

संसारात सल एकच होता. हवालदार दर साल डिसेंबरात एक दिवस माणदेशात जात. म्हसवडच्या बाजूला एक खेडं, तिथं लढाईत गेलेल्या दोस्ताचं घर. त्याची तरणी बायको मागं राहिली होती. जाताना गूळ, शेंगा, कधी एखादं लुगडं नेत. सुरुवातीच्या काळात आक्का एकदा बोलून गेल्या, “दर साली तिच्याकडंच कसं जावं लागतंय तुमास्नी?” हवालदारांनी वर बघितलं, काही तरी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. जाणं चालूच राहिलं, पण त्यानंतर त्या गावाचं नाव घरात निघालं नाही.

२०२२ च्या श्रावणात हवालदार गेले. सकाळी म्हशीची धार काढली, चहा घेतला, ओट्यावर टेकले आणि संपले. माजी सैनिक जमले, तिरंगा आणला, बिगूल वाजला, गावानं चांगला निरोप दिला. दोन्ही मुलं कर्ती. थोरला पुण्यात कंपनीत, धाकटा गावात शेती आणि दूध बघतो. दहाव्यालाच ठरलं की गावच्या वेशीवर हवालदारांच्या नावाची कमान उभी करायची. दगडी खांब, वर तोफ, मधोमध अण्णांचा, म्हणजे हवालदारांचा, युनिफॉर्ममधला फोटो. वर्षश्राद्धाला पायाभरणी.

सरपंच आक्कांना म्हणाले, “काकी, त्या दिवशी तुम्हीच दोन शब्द बोलायचं. अण्णांच्या शौर्याची एखादी हकिकत सांगा. पोरांना स्फूर्ती मिळेल.”

आक्का “बरं” म्हणाल्या आणि रात्रभर जाग्या राहिल्या. बावन्न वर्षं ज्याच्याबरोबर काढली, त्याच्या शौर्याची एक हकिकत आपल्याला सांगता येऊ नये? त्यांना ते हडकुळे पाय आठवत होते, थंडीत ठणकणारा गुडघा आठवत होता, जेवताना भाकरीचा शेवटचा तुकडा कुत्र्याला ठेवायची खोड आठवत होती. यातलं कमानीखाली उभं राहून सांगण्यासारखं काय?

नोव्हेंबर उजाडला. एके दिवशी अकराच्या सुमाराला ओट्याशी एक म्हातारी येऊन बसली. लांबच्या वाडीची. पिशवीतून कागद काढून तिनं गुडघ्यावर नीट केले आणि हाक मारली, “हवालदार हाईत का?”

आक्का बाहेर आल्या. “ते गेलं की वं. श्रावणात.”

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. जरा वेळ रडली. नाक पुसलं. मग कागदांकडं बघत विचारलं, “मग माझा कागुद?”

आक्कांना ते लागलं. नवरा गेल्याचं मी सांगतेय आणि हिला कागदाची पडलीय! त्या काही न बोलता आत गेल्या. चूल फुंकता फुंकता मात्र त्यांच्या मनात आलं, ही बाई माझ्या नवऱ्याला विसरलेली नाही. तीन मैल चालत त्याच्याकडंच आलीय. तिला त्याची गरज आहे, मला त्याची आठवण आहे. दोन्हीत थोरलं कोणतं?

त्यांनी खाटेखालची ट्रंक ओढली. वर पदकांचा डबा, त्याखाली बरान कोट, त्याखाली एक जाड लांब वही. पुठ्ठ्याला खाकी कागद घातलेला. एकेका बाईला एकेक पान. वर नवऱ्याचा आर्मी नंबर आणि पलटण. मग बाईचं नाव किती ठिकाणी कसं लागलंय ते. बँक, खातं, कोणता कागद कधी पाठवला, काय उत्तर आलं. मधूनच बारीक अक्षरात शेरे: ‘ऐकू कमी येते, मोठ्याने बोलावे.’ ‘मुलाबरोबर आली तर मुलाला पाणी आणायला पाठवून मग पैशांचे विचारावे.’ ‘शेतकामाने अंगठ्याच्या रेषा गेल्या, मशीन घेत नाही. चेहऱ्याचे चालते, नातीला दाखवावे.’ आणि प्रत्येक पानाच्या तळाशी तारीख टाकून दोन शब्द: ‘काम झाले.’

वाडीच्या म्हातारीचं पान सापडलं. आक्का बाहेर आल्या, चष्मा लावला आणि म्हणाल्या, “द्या तो कागुद.” फॉर्म भरायला दोन तास गेले. तीन ठिकाणी खाडाखोड झाली. कॉलेजातल्या नातीनं संध्याकाळी मोबाइलवर म्हातारीचा चेहरा टिपला आणि हयातीचा दाखला निघाला. म्हातारी जाताना म्हणाली, “अक्षर हवालदारावाणीच हाय तुमचं.” असणारच. त्यांनीच गिरवायला लावलेलं.

त्या महिन्यात अशा बऱ्याच जणी आल्या. रात्री आक्का वही वाचत बसत. हा माणूस नोव्हेंबरात एवढा गप्प का असे, ते आता उलगडत होतं. इतक्या जणींचं दुःख त्याच्या डोक्यात रचलेलं असे. डिसेंबर सरताना एका रात्री त्या शेवटच्या पानावर पोचल्या. तिथं नंबर, पलटण, म्हसवडच्या बाजूच्या त्या खेड्याचं नाव. पेन्शनचं सगळं टिपलेलं: सुरुवातीची काही वर्षं मनिऑर्डर दीर घेई आणि बाईचा अंगठा उठवी, मग खटपट करून तिच्या नावानं, तिच्या फोटोचं खातं उघडलं, त्यापुढं ‘काम झाले.’ पण त्याखाली एक रेघ मारून आणखी मजकूर होता. शाई जुनी.

‘आम्ही गारो टेकड्यांच्या पायथ्याला होतो. हल्ल्याच्या आदल्या संध्याकाळी तो म्हणाला, घरी एक चिठ्ठी लिही. मला सही आणि नंबर याच्यापुढे येत नाही. सर्वांना नमस्कार लिहून झाला. मग जरा थांबून म्हणाला, हे बायकोसाठी लिही. “पाचवी पुजायच्या आत लेकरू गेलं, त्यात तुझा दोष नव्हता. त्या दिवशी मी ओट्यावर बसून राहिलो, आत तुझ्यापाशी आलो नाही, ते माझं चुकलं. घरचे काही म्हणोत, तू मनाला लावून घेऊ नको.” म्हणाला, बाकीचं उद्या सांगतो. नदी ओलांडल्यावर तो गेला. चिठ्ठी माझ्या पिट्टूत राहिली.

‘सुट्टीत घेऊन गेलो. सारी भावकी अंगणात बसली होती. सासू पहिल्या तोंडाला म्हणाली, पांढऱ्या पायाची, आधी लेकरू खाल्लं मग नवरा खाल्ला. बाई भिंतीला टेकून उभी होती. मी चिठ्ठी उघडली. “सर्वांना नमस्कार” एवढे वाचले. पुढचे वाचण्याचे धैर्य झाले नाही. चिठ्ठी तिच्या हातात दिली. तिला वाचता येत नाही. तिने आजवर कुणाकडून वाचून घेतलेली नाही, म्हणते तुम्ही वाचली तेवढी पुरे. एकट्यात सांगावे म्हणून दर वर्षी जातो. एकट्यात भेट होत नाही, आणि झाली तरी परक्या पुरुषाने हे कसे सांगावे? काम बाकी.’

आक्कांनी ते पान पुन्हा वाचलं. दहिवडीची पाटी-पेन्सिल कुठून आली ते समजलं. आणि मुकाट्यानं मिटलेलं ते तोंडही आठवलं. हे काम करायला एक बाई लागत होती. बाई घरातच होती. तिनं एक शब्द खवटपणे टाकला आणि वाट बंद झाली.

दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन त्या एस.टी.नं निघाल्या. दहिवडी, म्हसवड, तिथून वडापची जीप. थोरल्याचा फोन आला, “आई, गाडी पाठवतो, थांब.” त्या म्हणाल्या, “पन्नास वर्सं थांबलंय, आता नगं.”

त्या बाईंचं वय आक्कांएवढंच, पण शेळ्यांमागं हिंडून शरीर वाळलेलं. हवालदार गेल्याचं ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, “म्हणूनच औंदा वाट दिसली न्हाई.” नातीनं घरातल्या सुनांना मोबाइलमध्ये गुंतवलं. आक्का त्यांना घेऊन मागच्या परसात गेल्या, बाभळीखाली बसल्या.

“चिठ्ठी हाय का तुमच्यापाशी?”

बाईंनी देव्हाऱ्यामागचा पत्र्याचा डबा आणला. कागद घडीवर फाटला होता. पेन्सिलीचं लिखाण जवळजवळ पुसलं होतं. ‘सर्वांना’ एवढंच कसंबसं लागत होतं. आक्कांनी वही उघडली आणि ती ओळ वाचली. शब्द न गाळता.

बाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “पुन्ना वाचा.”

आक्कांनी पुन्हा वाचली.

“त्यांनी म्हटलंय असं? हवालदारांनी मनचं न्हाई ना घातलं?”

“मनचं घालायचं असतं तर त्याच दिशी घातलं असतं. न्हाई वाचवलं, म्हणून तर लिहून ठिवलं.”

बाई उठल्या. आक्कांना वाटलं, रडायला आत चालल्या. पण त्या सरळ पुढच्या अंगणात गेल्या. तिथं खाटेवर थकलेला दीर बसला होता, पुतणे, सुना, नातवंडं होती. बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आता हितं वाचा. समद्यांम्होरं. मोठ्यानं.”

आणि आक्कांनी वाचलं. पन्नास वर्षांपूर्वी ज्या अंगणात एक फौजी गप्प बसला होता, त्याच अंगणात त्याच्या बायकोनं ती ओळ शेवटपर्यंत वाचली. दिरानं डोक्यावरची टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. कुणी काही बोललं नाही. मग धाकटी नातसून उठली आणि तिनं बाईंना बसायला पाट दिला.

परतीच्या एस.टी.त आक्कांनी वही मांडीवर घेतली आणि त्या पानाखाली तारीख टाकून लिहिलं, ‘काम झाले.’

वर्षश्राद्धाच्या दिवशी वेशीवर मांडव पडला. आमदारांचा माणूस आला, शाळेची पोरं रांगेनं बसली. आक्का माईकपाशी गेल्या. त्या म्हणाल्या:

“मला ह्यांच्या शौर्याची गोष्ट सांगायला सांगितलीया. जमालपूरला त्यांनी काय केलं ते मला ठाव न्हाई; पलटणीनं काय केलं ते कागदात हाय. मला ठाव हाय ते सांगते. हा माणूस गोळ्यांम्होरं हटला न्हाई. पण एकदा एका अंगणात, चार नातेवाइकांम्होरं, एका बाईच्या बाजूनं एक खरं वाक्य त्यांना बोलवलं न्हाई. ती गोष्ट त्यांनी लपवली न्हाई. वहीत मांडून ठिवली आन् खाली लिहिलं, काम बाकी. त्या एका न बोललेल्या वाक्यापायी ते जलमभर बायकांचे कागुद लिहीत बसलं. माझ्या लेखी ते त्यांचं मोठं शौर्य. ते काम आता म्या घेतलंय. ज्या बाईचा कागुद आडला आसंल तिनं ओट्यावर यावं. चहा हाय.”

एवढं बोलून त्या खाली बसल्या. टाळ्या जरा उशिरा पडल्या. थोरला मुलगा घरी आल्यावर कुरकुरला, “आई, अण्णांची कमी बाजू कशाला सांगितलीस सगळ्यांसमोर? लोक काय म्हणतील?”

आक्का म्हणाल्या, “त्यांचा निस्ता फोटोच करायचा असता, तर म्या ते पान फाडून टाकलं असतं रं. फोटोला काम बाकी नसतं. माणसाला असतं.”

कमान बांधली गेली. सुबक झाली आहे. जाणारे-येणारे तिच्यापुढं मोबाइल धरून उभे राहतात. त्यात वाईट काही नाही. गावानं आपल्या शूर माणसांची नावं दगडात कोरावीच. पण नोव्हेंबरात पिशवी घेऊन येणाऱ्या बायका कमानीकडं बघतही नाहीत. त्या ओट्याचा रस्ता विचारतात. तिथं आता एक टेबल आहे, दोन खुर्च्या आहेत, आक्का लिहितात आणि नात मोबाइलवर चेहरे टिपते. धाकट्या मुलानं अलीकडं चहाच्या पुडीची तक्रार करणं सोडलं आहे.

या गोष्टीचा बोध असा. आपण गेलेल्या माणसावर प्रेम करतो म्हणजे बहुतेक वेळा त्याला धुऊन-पुसून भिंतीवर टांगतो. त्याचं भय, त्याची चूक, त्याचं अपुरं राहिलेलं, सारं त्याच्याबरोबर जाळून टाकतो, आणि त्यालाच आदर समजतो. पण माणूस जाताना दोन गोष्टी मागं ठेवतो, केलेलं आणि राहिलेलं. केलेल्याचा अभिमान कुणालाही धरता येतो, त्याला नातं लागत नाही. राहिलेलं उचलायला मात्र आपलंच माणूस लागतं. कधी कधी तर जे काम गेलेल्याला साऱ्या जन्मात जमलं नाही, ते मागं राहिलेल्याला एका दुपारी जमतं. कारण दोघांना उघडणारी दारं वेगळी असतात.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरातलं असं कुणी गेलं असेल तर फोटोला हार घाला, पण त्याआधी त्याची ट्रंक उघडा आणि ‘काम बाकी’चं पान शोधा. आणि घरात तसं कुणी नसेल, तर येत्या नोव्हेंबरात शेजारच्या एखाद्या फौजीच्या विधवेजवळ तासभर बसा. तिचं नाव कोणत्या कागदावर कसं लागलंय ते विचारा, आणि तिचा फॉर्म नीट, स्वच्छ अक्षरात भरून द्या.